गळ, जाळे आणि नदीचा हिशेब

अमरावतीहून परतवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर वलगाव लागते. गावाजवळून पेढी नदी वाहते. संत गाडगेबाबांनी २० डिसेंबर १९५६ रोजी याच पेढीच्या पुलाजवळ देह ठेवला, त्यामुळे या छोट्या नदीचे नाव महाराष्ट्रभर पोहोचले. पेढी पुढे पूर्णेला मिळते आणि पूर्णा चांगदेवजवळ तापीला मिळते. वऱ्हाडातल्या बहुतेक नद्यांप्रमाणे पेढीचीही दोन रूपे आहेत. पावसाळ्यात ती दोन्ही काठ भरून गढूळ वाहते, आणि उन्हाळ्यात तिचे पात्र आटून मधूनमधून डोह तेवढे उरतात.

विद्यार्थी मित्रहो, अशा एखाद्या नदीच्या काठी उभे राहून मासे धरणाऱ्या माणसाकडे तुम्ही कधी नीट पाहिले आहे का? कोणी बांबूच्या काठीला दोरा आणि गळ बांधून तासन् तास बसलेला असतो. कोणी गुडघाभर पाण्यात उभा राहून जाळे गोल फेकतो. कोणी टायरच्या ट्यूबवर बसून हाताने पाणी मारत डोहाच्या मध्यापर्यंत जातो. ही साधने साधी दिसतात. पण त्यांच्यात तरफ आहे, पृष्ठताण आहे, भूमिती आहे आणि आर्किमिडीजचा सिद्धान्तही आहे. शिवाय प्रत्येक साधनात एक निवड दडलेली आहे. कोणता मासा धरायचा आणि कोणता सोडून द्यायचा, ही ती निवड. नदीत पुढच्या वर्षी मासे असतील की नाही, हे बरेचसे या निवडीवर ठरते. या लेखात आपण ही साधने एकेक करून पाहू आणि शेवटी नदीचा हिशेब कसा ठेवतात तेही पाहू.

गोफण आणि आसूड

साध्या गळापासून सुरुवात करू. गळाला आमिष लावले, दोऱ्याला शिशाचा तुकडा बांधला आणि काठी झटकली, की शिसे पुढे जाते आणि आपल्यामागून दोरा ओढून नेते. शेतात पाखरे हाकण्यासाठी वापरतात त्या गोफणीची इथे आठवण होते. गोफणीत वजन दगडात असते. गळाच्या दोऱ्यावर वजन टोकाच्या शिशात असते.

आता एक अडचण पाहा. युरोपातल्या थंड, उथळ आणि खळाळत्या ओढ्यांतील ट्राउट मासा पाण्यावर पडणारे बारीक कीटक टिपून खातो. त्याला फसवायचे तर गळावर कीटकासारखे काहीतरी हवे. म्हणून तिथल्या लोकांनी बारीक गळाला पिसे, केस आणि रेशमी दोरा गुंडाळून कृत्रिम माशी तयार केली. यालाच फ्लाय फिशिंग म्हणतात. पेढीच्या काठी हा प्रकार तुम्हांला दिसणार नाही. पण काश्मीरच्या ओढ्यांत आणि निलगिरीच्या डोंगरांत विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रजांनी ट्राउट आणून सोडले, तेव्हापासून तो आपल्या देशातही आहे.

ही माशी हरभऱ्याच्या दाण्याहूनही हलकी असते. हलके पीस तुम्ही जोर लावून फेकले, तरी ते हातभर अंतरावरच पडते. मग ही माशी पंधरा-वीस मीटरवर कशी टाकायची? शिसे बांधावे, तर माशी बुडते आणि धप्प आवाजाने मासा पळून जातो. यावर काढलेली युक्ती आपल्या गाडीवानाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. ती म्हणजे आसूड! आसुडाच्या टोकाला वजन नसते. वजन दोरीतच असते. फ्लाय फिशिंगमध्येही दोरी जाड आणि जड घेतात. फेकणारा काठी मागे नेतो, दोरी हवेत मागे पूर्ण उलगडू देतो आणि मग काठी पुढे आणून एकदम थांबवतो. वाकलेली काठी कमानीसारखी सरळ होते आणि दोरीला गती देते. दोरीत एक वेटोळे तयार होऊन ते पुढे पुढे उलगडत जाते. जसजसे ते उलगडते, तसतसा दोरीचा हलणारा भाग लहान होत जातो. गतिज ऊर्जा तेवढीच आणि हलणारे वस्तुमान कमी, म्हणून उरलेल्या भागाचा वेग वाढण्याकडे कल असतो. हवेचा रोध हा वेग खातो, तरी शेवटी माशी अलगद पुढे जाऊन पाण्यावर उतरण्याइतकी गती उरते. आसुडाचा कडकडाट होतो, तोही टोकाचा वेग असाच वाढत जाऊन ध्वनीच्या वेगापलीकडे गेल्यामुळे.

काठी आणि दोरी यांचा मेळ बसावा म्हणून दोऱ्यांना क्रमांक दिलेले आहेत. दोरीच्या पुढच्या तीस फुटांचे, म्हणजे सुमारे नऊ मीटरचे वजन किती, यावर क्रमांक ठरतो. पाच क्रमांकाच्या दोरीचा हा भाग सुमारे ९ ग्रॅम भरतो, म्हणजे पाच रुपयांच्या जुन्या जाड नाण्याएवढा. आठ क्रमांकाच्या दोरीचा तोच भाग सुमारे १३.६ ग्रॅम भरतो. काठीवरही क्रमांक छापलेला असतो. पाच क्रमांकाच्या काठीवर आठ क्रमांकाची दोरी चढवली, तर काठी नको तितकी वाकते. उलट केले, तर ती पुरेशी वाकतच नाही.

पीस पाण्यावर का तरंगते?

पोलादाची सुई पाण्यात टाकली तर बुडते. पण तीच कोरडी सुई टीपकागदाच्या तुकड्यावर ठेवून तो तुकडा पाण्यावर अलगद सोडा. कागद भिजून खाली जाईल आणि सुई वर राहील. निरखून पाहिले तर सुईखाली पाण्याला खळगा पडलेला दिसेल. पाण्याचा पृष्ठभाग ताणलेल्या पडद्यासारखा वागतो. या गुणाला पृष्ठताण म्हणतात. डबक्यावर धावणारे लांब पायांचे कीटक याच पडद्यावर उभे असतात.

कृत्रिम माशी तरंगवण्यासाठी गळाभोवती कोंबड्याच्या मानेवरचे पीस गुंडाळतात. पिसाचे ताठ तंतू चहूबाजूंना पसरतात आणि प्रत्येक तंतू पाण्याच्या पडद्यावर एकेक पाय टेकून उभा राहतो. या कामासाठी आपल्याकडच्या राखी रानकोंबड्याच्या मानेवरील ठिपकेदार पिसांना परदेशात मोठी मागणी असे. हा पक्षी मेळघाटातही आढळतो. पिसांच्या हौसेपायी रानकोंबडे मारले जाऊ लागले, तर माशांच्या खेळासाठी जंगल उजाड व्हायचे! वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये झाला आणि त्याने अशा पक्ष्यांच्या शिकारीवर बंदी घातली.

पाण्याखालून माशाला वरचे जग कसे दिसते, हेही मजेचे आहे. पाण्यातून हवेत जाणारा प्रकाशकिरण लंबाशी सुमारे ४८.६ अंशांपेक्षा जास्त कोन करत असेल, तर तो बाहेर पडतच नाही, पूर्ण परावर्तित होतो. त्यामुळे माशाच्या डोक्यावर जणू एक गोल खिडकी असते. तिच्यातूनच त्याला बाहेरचे सारे जग दिसते, आणि खिडकीबाहेर पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा चकाकतो. मासा अर्धा मीटर खोल असेल, तर या खिडकीची त्रिज्या सुमारे ५७ सेंटिमीटर येते. काठावर उंच उभा राहिलेला माणूस या खिडकीत दिसतो. वाकून बसलेला माणूस तिच्या कडेला, अगदी चपटा झालेला दिसतो. जाणते मासेमार काठावर वाकून का चालतात, हे आता तुमच्या ध्यानात आले असेल.

भोकाची भूमिती

गळाने एका वेळी एक मासा मिळतो. पोट भरायचे तर जाळे हवे. फेकजाळ्याच्या काठाला शिशाचे किंवा लोखंडाचे मणी असतात. फेकताना जाळ्याला गिरकी दिली की हे मणी बाहेरच्या बाजूला पसरतात आणि जाळे छत्रीसारखे उघडते. जाळ्याची त्रिज्या अडीच मीटर असेल आणि ते पूर्ण उघडले, तर एका फेकीत सुमारे १९.६ चौरस मीटर पाणी झाकले जाते. फेक चुकून जाळे निम्म्याच त्रिज्येने उघडले, तर झाकलेले क्षेत्र निम्मे राहत नाही, पाव होते. म्हणून फेकीचा सराव करायला वर्षे लागतात.

दुसरे जाळे पाण्यात भिंतीसारखे उभे असते. वर तरंगणारे ठोकळे, खाली वजने आणि मध्ये नायलॉनची जाळी. मासा तिच्यात डोके घालतो आणि अडकतो. पण कोणता मासा अडकतो? इथेच भोकाची भूमिती येते. भोक चौकोनी आहे आणि एका गाठीपासून शेजारच्या गाठीपर्यंत अंतर ५ सेंटिमीटर आहे असे समजा. मग भोकाचा परीघ २० सेंटिमीटर झाला. आता एका दोऱ्याने माशाचा घेर दोन ठिकाणी मोजा. एक घेर कल्ल्यांच्या मागे आणि दुसरा शरीराच्या सर्वांत जाड भागी. जाड भागाचा घेरही २० सेंटिमीटरपेक्षा कमी असेल, तर मासा भोकातून सरळ निघून जातो. कल्ल्यांमागचा घेर २० पेक्षा कमी आणि जाड भागाचा घेर जास्त असेल, तर मासा शिरतो आणि अडकतो. मागे सरू लागला की कल्ल्यांना दोरा फास घालतो. कल्ल्यांपाशीच घेर २० पेक्षा जास्त असेल, तर डोके पुरते शिरतच नाही आणि मासा बहुधा मागे फिरतो.

याचा अर्थ असा की जाळे सगळ्या आकारांचे मासे सारखेच पकडत नाही. भोक किती मोठे ठेवायचे हे ज्याने ठरवले, त्याने कोणत्या वयाचा मासा मरणार हेही ठरवले. म्हणूनच अनेक मच्छिमार भोकात किती बोटे जातात ते आधी पाहतात. काठावरच्या एखाद्या काकांना विचारून पाहा, "काका, तुमच्या जाळ्यात बोटाएवढा मासा काहून नाही सापडत?" त्यांच्या उत्तरात तुम्हांला वरची सारी भूमिती सापडेल.

आता याच नदीत कोणी मच्छरदाणीचे कापड ओढले तर? त्यातून बोटाएवढी पिलेही सुटत नाहीत. तोटा किती, याचे गणित करू. माशाचा आकार तसाच राहून लांबी दुप्पट झाली, तर वजन आठपट होते, कारण वजन लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. आज धरलेला २०० ग्रॅमचा मासा लांबीने दुप्पट होऊ दिला असता, तर तो सुमारे १,६०० ग्रॅमचा झाला असता. शिवाय तो मोठा होऊन अंडी घालू शकला असता. एक किलोच्या रोहूच्या मादीच्या पोटात दोन लाखांहून अधिक अंडी असतात. सगळी अंडी जगत नाहीत हे खरे. पण मादी अंडी घालण्याआधीच टोपलीत गेली, तर जगण्या-न जगण्याचा प्रश्नच उरत नाही.

पूर्वीची जाळी सुताची किंवा तागाची असत. ती पाण्यात कुजत आणि दरवर्षी दुरुस्त करावी लागत. नायलॉन कुजत नाही. हा त्याचा गुण, आणि तोच दोषही. खडकाला अडकून तुटलेले नायलॉनचे जाळे डोहाच्या तळाशी वर्षानुवर्षे मासे, कासवे आणि पाणसाप अडकवत राहते, आणि ते काढायला कोणी येत नाही.

सांगड आणि डोंगा

'सांगड घालणे' हा वाक्प्रचार तुम्ही निबंधात अनेकदा वापरला असेल. दोन नावा एकमेकींना जोडून किंवा वाळलेले भोपळे एकत्र बांधून केलेला तराफा म्हणजे सांगड. नदीकाठचे भोई लोक भोपळ्यांची सांगड कमरेला बांधून पूर ओलांडत. दोन-तीन भोपळे अख्ख्या माणसाला कसे तारतात? माणसाच्या शरीराची घनता पाण्याच्या घनतेच्या जवळपास असते. म्हणजे पाण्यात बुडालेल्या शरीराचे वजन जवळजवळ सगळे पाणीच पेलते. आधार लागतो तो फक्त पाण्याबाहेर ठेवायच्या डोक्याला आणि खांद्याला. आठ लिटर आकारमानाचा आणि एक किलो वजनाचा भोपळा पूर्ण बुडाला, तर आणखी सात किलोंचा भार उचलू शकतो. आजची ट्यूब आणि थर्माकोलचा ठोकळा हे काम याच तत्त्वावर करतात. मात्र ट्यूबला बाभळीचा एक काटा पुरतो, हे विसरू नये.

उथळ नदीतली नाव सपाट तळाची का असते? हिशेब सोपा आहे. ३ मीटर लांब आणि ०.८ मीटर रुंद तळाची पेटीसारखी नाव घेऊ. तळाचे क्षेत्रफळ २.४ चौरस मीटर झाले. नाव ६० किलोंची आणि माणसे दोन, प्रत्येकी ६० किलोंची. एकूण १८० किलो, म्हणून नावेने १८० लिटर पाणी बाजूला सारले पाहिजे. ०.१८ भागिले २.४ म्हणजे ०.०७५ मीटर. नाव फक्त साडेसात सेंटिमीटर बुडते, म्हणून ती घोट्याएवढ्या पाण्यातही चालते.

आता माणसे वाढवा. प्रत्येक माणसामागे नाव अडीच सेंटिमीटर खाली जाते. नावेच्या कडा ३० सेंटिमीटर उंच असतील, तर दोन माणसे बसल्यावर कड पाण्यापासून साडेबावीस सेंटिमीटर वर असते. सात माणसे बसली, तर कड दहाच सेंटिमीटर वर उरते. मघाशी नाव सुमारे २९ अंश कलल्यावर पाणी आत येणार होते, ते आता १४ अंशांतच येते. त्यात कोणी उभे राहिले, तर गुरुत्वमध्य वर जातो आणि नाव आणखी सहज कलते. एकदा पाणी आत शिरले की ते खालच्या बाजूला धावते आणि त्याच बाजूला नाव आणखी झुकवते. सगळे काही क्षणांत घडते.

हे केवळ गणित नाही. आपल्याच अमरावती जिल्ह्यात, वरूड तालुक्यातील झुंज येथे १४ सप्टेंबर २०२१ रोजी वर्धा नदीत नाव उलटली आणि ११ जण बुडून मरण पावले. नावेत किती जणांनी बसायचे हा आग्रहाचा विषय होऊ शकत नाही. तो नावेच्या कडेवर रेघ मारून आधीच ठरवायचा विषय आहे. नाव चालवणाऱ्याने 'आता जागा नाही' म्हटले, तर त्याचा राग मानू नका. आणि बसणाऱ्या प्रत्येकाच्या अंगात तरंगणारे जाकीट असल्याशिवाय नाव काठावरून हलू नये.

डोहाची लूट

उन्हाळ्यात पेढीसारख्या नदीचे मासे डोहात गोळा होतात. मरळ, वाम, शिंगाळा, झिंगे, सगळे दाटीवाटीने त्या थोड्या पाण्यात दिवस काढतात. पहिला मोठा पाऊस आला की पोटात अंडी असलेले मासे प्रवाहाच्या उलट वर चढू लागतात. यांना चढणीचे मासे म्हणतात. रोहू-कटल्यासारखे मासे तर वाहत्या पुराच्या पाण्यातच अंडी घालतात. साध्या तळ्यात ते पैदास करीत नाहीत. म्हणूनच हिरालाल चौधुरी यांनी १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून अशा माशांकडून बंदिस्त पाण्यात अंडी घालवून घेतली, तेव्हा ती मोठी घटना ठरली. आज तलावांत सोडले जाणारे मत्स्यबीज त्याच वाटेने आलेले आहे. पण नदीतल्या मरळीला आणि शिंगाळ्याला इंजेक्शन द्यायला कोणी येत नाही. त्यांचे बियाणे म्हणजे उन्हाळाभर डोहात तगून राहिलेले मासे.

या डोहात कोणी विष कालवले, तर ते माशांच्या कल्ल्यांवर किंवा श्वसनावर घाव घालते आणि लहान-मोठे सगळे मासे गुदमरून वर येतात. सुरुंगाची कांडी फोडली, तर दाबाची लाट पाण्यातून जाते आणि माशाच्या पोटातील हवेची पिशवी, म्हणजे वाताशय, फुटते. असे कितीतरी मासे तळाशी बुडतात आणि फोडणाऱ्याच्याही हाती लागत नाहीत. पाण्यात विजेची तार सोडणारे तर माशांबरोबर आपलाही जीव धोक्यात घालतात. या तिन्ही प्रकारांना भोक नाही. त्यातून कोणीही सुटत नाही. त्यांतला मुख्य दोष हाच आहे.

हा धोका फार पूर्वी ओळखला गेला. १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्याने पाण्यात सुरुंग फोडून किंवा विष घालून मासे मारणे हा गुन्हा ठरवला. सुरुंगासाठी दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षा होती. त्या काळी दोनशे रुपये ही फार मोठी रक्कम होती. जाळ्यांचा प्रकार आणि आकार ठरवण्याचा, तसेच एखाद्या पाण्यात दोन वर्षांपर्यंत मासेमारी बंद ठेवण्याचा अधिकारही त्या कायद्याने सरकारला दिला. पुढे राज्याचा स्वतःचा महाराष्ट्र मत्स्यव्यवसाय अधिनियम, १९६० आला. कायदा कागदावर किती वर्षे आहे, यापेक्षा डोहावर त्याची आठवण कोणाला आहे, हे महत्त्वाचे. ती आठवण बहुधा नदीवर रोज जाणाऱ्या माणसालाच असते.

वाटाड्याची वही

अशा माणसाचे महत्त्व किती, हे कावेरी नदीच्या एका उदाहरणावरून कळते. कर्नाटकात कावेरीवर भीमेश्वरी, गलीबोरे अशा ठिकाणी महासीर मासा गळाने धरण्याच्या हौसेसाठी छावण्या होत्या. महासीर हा भारतातील नद्यांचा बलाढ्य मासा. कावेरीतील मदार असलेला महासीर तर पन्नास किलोंच्याही वर वाढे; १९४६ साली १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोंचा मासा गळाला लागल्याची नोंद आहे. या छावण्यांत नियम असा की मासा धरायचा, मोजायचा आणि जिवंत परत सोडायचा. पाहुण्यांना नदी दाखवायला स्थानिक वाटाडे असत. त्यांच्यापैकी काही जण पूर्वी चोरून मासे मारणारे होते. नदीचा कण न् कण त्यांना माहीत होता. पगार मिळू लागल्यावर तेच नदीचे राखणदार झाले.

या छावणीत रोजच्या नोंदी ठेवल्या जात. किती तास गळ टाकला, किती मासे लागले, वजन किती, मासा कोणत्या प्रकारचा. गलीबोरे येथील १९९८ ते २०१२ या काळातील नोंदी पुढे शास्त्रज्ञांनी तपासल्या आणि चमत्कारिक गोष्ट उजेडात आली. एकूण महासीर माशांची संख्या वाढत होती. वरवर पाहता नदी सुखात होती. पण प्रकारवार वेगळे केल्यावर दिसले की वाढत होता तो निळ्या परांचा महासीर. कावेरीचा मूळचा मदारीचा महासीर जवळजवळ नाहीसा होत चालला होता.

निळ्या परांचा महासीर आला कुठून? तो आपल्या महाराष्ट्रातला. १८३९ मध्ये साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील माशावरून त्याचे शास्त्रीय वर्णन केले. लोणावळ्याजवळ वळवण येथील टाटांच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून त्याची पैदास होऊ लागली. नद्यांतून संपत चाललेला मासा वाचावा, या चांगल्या हेतूने तेथील पिले देशातील अनेक पाण्यांत सोडण्यात आली. कावेरीतही ती गेली आणि मूळच्या माशावर भारी पडली, असे अभ्यासक मानतात. मदारीच्या महासीरचे शास्त्रीय नाव तर २०१८ मध्ये निश्चित झाले, आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त जातींच्या यादीत गेला. पिढ्यान् पिढ्या लोक ज्याला धरत होते, त्याला नीट नाव मिळेपर्यंत तो संपत आला होता!

या छावण्यांतील गळाचा खेळ पुढे वन्यजीव कायद्याच्या अर्थावरून अभयारण्यात बंद करण्यात आला. अभयारण्यात कोणत्याही प्राण्याला छळू नये, ही बाजू बरोबर आहे. वाटाडे गेले की चोरट्यांवर नजर ठेवणारे डोळेही जातात, ही दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. वाद मिटेल तेव्हा मिटो. त्यातून घेण्याचा धडा स्पष्ट आहे. नदीवर लोकांना नेणारा वाटाड्या हा जबाबदारीचा माणूस आहे. अमेरिकेतील मोंटाना राज्यात त्याला सरकारी परवाना घ्यावा लागतो. आपल्याकडे असा परवाना द्यायचा झाला, तर त्यासाठी तीन प्रश्न विचारावेत असे मला वाटते. नाव उलटली तर तुला काय करता येते? कोणता मासा सोडून द्यायचा हे तुला माहीत आहे का? आणि तुझी वही कुठे आहे?

तुम्ही वही ठेवून पाहा

ही वही तुम्हीही ठेवू शकता. गावातील ओळखीच्या मच्छिमाराला विचारून आठवड्यातून एकदा पाच गोष्टी लिहून घ्या: तारीख, किती तास जाळे किंवा गळ टाकला, भोकाची बाजू किती सेंटिमीटर, कोणत्या जातीचे किती मासे, आणि सर्वांत लहान व सर्वांत मोठा मासा किती लांबीचा. मग माशांच्या संख्येला तासांनी भागा.

समजा, यंदा ६ तासांत १२ मासे मिळाले. तासाला २ झाले. पुढच्या वर्षी १० तासांत १४ मिळाले, म्हणजे तासाला १.४. टोपली भरलेली दिसते. पण नदी रिकामी होते आहे! मेहनत वाढल्यामुळे ते टोपलीवरून कळत नाही, भागाकारावरून कळते. भोक किंवा जाळे बदलले असेल, तर तेही लक्षात घ्या. नाहीतर दोन वर्षांची तुलना चुकीची होईल. आणि कावेरीचा धडा विसरू नका: प्रत्येक जातीचा भागाकार वेगळा करा. वलगावच्या शाळेतील मुलांनी पेढीची अशी पाच वर्षांची वही शिक्षकांच्या मदतीने ठेवली, तर ती मत्स्यशास्त्राच्या कोणत्याही अभ्यासकाला हवीशी वाटेल.

मात्र हे काम काठावर बसून करायचे. डोहात उतरू नका. पावसाळ्यात वरच्या भागात पाऊस झाला, तर इकडे ऊन असतानाही लोंढा येतो. माशाला हात लावायची वेळ आली, तर आधी हात ओले करा. त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर रोगजंतूंना दूर ठेवतो आणि कोरड्या हाताने तो पुसला जातो.

पुढच्या वेळी पेढीच्या पुलावर गेलात, की थोडा वेळ थांबा. खाली जाळे वर ओढले जात असेल. टोपलीत काय पडले ते सगळेच पाहतात. तुम्ही भोकांकडे बघा, आणि त्यांतून पाण्यात परत काय गेले ते वहीत लिहा.